घट उगवला नाही, म्हणून देवी रुसली का?

प्रश्न : 2025 च्या नवरात्रात आम्ही पिंपरीच्या नव्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा वेगळा घट बसवला. त्याआधी लातूरकडं सासरी एकच घट असायचा. आमची कुलस्वामिनी तुळजापूरची. स्टीलच्या परातीत पाकिटातली माती, दुकानातली सप्तधान्याची पुडी आणि मध्ये आरसे लावून रंगवलेला सुंदर घट. चौथ्या माळेपर्यंत काहीच उगवलं नाही. घाबरून तांब्याभर पाणी घातलं. सातव्या माळेला कडेला चार कोंब, बाकी बुरशी आणि वास. दसऱ्याला मुलाच्या टोपीत खोवायलाही धान नव्हतं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं, तेव्हा काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाल्या, "काही चुकलं का गं?" तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. यंदा घट बसवावा, की गावीच जावं? तुळजापूरला जाऊन ओटी भरावी का?

उत्तर : घट घरीच बसवा, ताई. आणि सासूबाईंना एक विचारा, त्यांचा घट कुंभाराकडचा साधा असायचा की रंगवलेला? त्या काय सांगतील ते मला इथं बसून ठाऊक आहे.

मी बीज तपासणीच्या प्रयोगशाळेत 27 वर्षं दाणे मोजले. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि आठव्या दिवशी किती उगवले ते वहीत लिहायचं. प्रमाणित गव्हाचे शंभरातले निदान 85 उगवायलाच हवेत, नाहीतर बियाणं नापास. त्यामुळं न उगवलेला घट दिसला की मला आधी पाणी आठवतं, देवीचा कोप नंतर.

गावाकडं पत्रावळीवर वावरी, म्हणजे वावरातली माती, पसरतात, तीत दाणे पेरतात आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवतात. हा कोरा घट झिरपतो. रात्रंदिवस थेंब थेंब बाहेर येतो आणि भोवतालची माती ओली राहते. जास्तीचं पाणी पत्रावळीतून खाली निघून जातं. घटच पेरणीला पाणी पाजतो, आपण रोज फक्त त्यात पाणी भरायचं. तुमच्या घटाला ऑइलपेंट होता ना? त्या रंगानं मातीची सगळी छिद्रं बुजली. दाणे तीन दिवस कोरडे पडून राहिले, मग एकदम तांब्याभर पाण्यात बुडाले. परातीला भोक नाही, पाणी जाणार कुठं? दाण्यालाही हवा लागते, बुडाला की तो कुजतो.

दुसरा गुन्हेगार ती पुडी. उघडून पाहा, तांदूळ आणि मुगाची डाळ नक्की निघेल. कांडलेल्या तांदळाचा अंकुर कोंड्याबरोबर केव्हाच गेलेला असतो, आणि डाळ म्हणजे तर दुभंगलेला दाणा. ही दोन्ही उगवणार नाहीत, नुसती सडतील आणि बुरशी शेजारच्या गव्हाला देतील. गहू, ज्वारी, अख्खे मूग, हरभरा एवढं पुरे. सात पुरवायचीच असतील तर तांदळाऐवजी तुसासकट भात घ्या.

आता माझी फजिती. लग्नानंतरचा पहिला घट, 1989. मी बियाण्याच्या खात्यातली, म्हणून ऐटीत बियाण्याच्या पिशवीतले गहू आणले. ते होते बुरशीनाशक लावलेले, गुलाबी. सासूबाई म्हणाल्या, "कुंकवात घोळलेस का?" मी काय बोलणार! धान असं तरारून आलं की गल्ली बघायला आली. दसऱ्याला सासूबाई ते गायीपुढं टाकायला निघाल्या तेव्हा मी टोपली अक्षरशः हिसकावून घेतली. सगळं परसात खड्डा करून पुरलं. सणासुदीला सून टोपली हिसकावते, ही गोष्ट पुढं दहा वर्षं प्रत्येक हळदीकुंकवात निघाली. तेव्हा कृषी केंद्रातलं रंगीत बियाणं आणू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. दळणाचे गहू चालतात. सर्वपित्रीच्या आठवडाभर आधी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. सोळा-सतरा उगवले की तेच घ्या.

वावरी गावाहून येणाऱ्या कुणाच्याही पिशवीतून मागवा, सासूबाईंनाही बरं वाटेल. मिळाली नाही तरी अडत नाही. 2025 ला 22 सप्टेंबरला घट बसले आणि त्याच आठवड्यात आमच्याकडं सीना नदीला पूर आला. वावरच पाण्याखाली, वावरी कुठली? माझ्या भावजयीनं तुळशीच्या कुंडीतली माती चाळून घेतली. छान उगवलं. त्या वर्षी तिथी वाढून दसरा 2 ऑक्टोबरला गेला होता, म्हणजे धानाला एक दिवस जास्तच मिळाला. धान पिवळं आलं तर घाबरू नका. देवघराच्या कोपऱ्यात ऊन नसतं, हिरवं कुठून येणार? आमच्याकडं ते पिवळंच कौतुकाचं, सोन्यासारखं म्हणतात.

वेगळा घट बसवल्याची रुखरुख काढून टाका. आमच्या भागात चूल वेगळी झाली की घट वेगळा होतो. तुळजापूरला जरूर जा, पण प्रायश्चित्त म्हणून नको. आणि दसऱ्यानंतर लगेच निघू नका. सीमोल्लंघन झालं की आई नगरकडून आलेल्या पलंगावर श्रमनिद्रा घेते, ती कोजागरीपर्यंत. सिंहासनावरचं दर्शन हवं असेल तर त्यानंतरचा दिवस धरा.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरीला. अखंड दिवा दुपारी विझतो. अपशकुन का?

उत्तर : वातीच्या टोकाला काजळीचा मोगरा धरला की वात गुदमरते. सकाळी निघताना तो चिमट्यानं काढा, तेल भरा. आधी त्याच ज्योतीवर एक निरांजन लावून बाजूला ठेवा, म्हणजे वात सारताना विझली तरी ज्योत तीच राहते. पण बंद घरात पडद्याजवळ उघडी ज्योत ठेवून आठ तास बाहेर राहणं मला पटत नाही, मग शास्त्र काहीही सांगो. संध्याकाळी घरी आल्यावर लावा आणि झोपेपर्यंत सांभाळा. आमच्या सासूबाईसुद्धा सुगीत शेताला जाताना शेजारणीला ओट्यावर बसवून जायच्या.