माघ-फाल्गुनात मुलांना घेऊन परसबाग करायची असेल तर

तुमचा प्रश्न असा: धुळ्याच्या नव्या घरामागे 15 बाय 20 फुटांची काळ्या मातीची जागा आहे, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा, फेब्रुवारी संपत आलाय. आता भाजीपाला लावला तर आपल्याकडच्या उन्हात टिकेल का, मुलांना कोणतं काम द्यायचं, आणि मे महिन्यात तीन आठवडे गावी जायचंय तेव्हा बागेचं काय? मी अमळनेरची. आमच्या परसात दरवर्षी या दिवसांत मुलांबरोबर हेच चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टिकेल. पण 300 चौरस फूट जागा आहे म्हणून सगळी लावू नका. फेब्रुवारीतला उत्साह बघून नाही, मे महिन्यातलं पाणी बघून बाग आखायची. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो आणि वारा कोरडा असतो. तेव्हा 3 फूट रुंद, 8 फूट लांब अशा एका वाफ्याला रोज साधारण एक मोठी बादली पाणी लागतं. सगळी जागा लावली तर रोज डझनभर बादल्या. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येत असेल तर हे कोणाच्याच घरात निभणार नाही, आणि पाणी तुटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर झाडं वाळतात. म्हणून यंदा असे चारच वाफे करा. भाज्या, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी खुशाल वापरा. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात आणि काळी माती ते धरून ठेवते.

3 फूट रुंदी मुद्दाम सांगितली. दोन्ही बाजूंनी बसून पाच वर्षांच्या मुलाचा हात मधल्या रोपापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय पडत नाही. वाफे जमिनीपेक्षा उंच करू नका. व्हिडिओत दिसणारे लाकडी चौकटीचे उंच वाफे थंड आणि जास्त पावसाच्या मुलखात ठीक, आपल्याकडे ते एप्रिलमध्ये दुपारपर्यंत कोरडे पडतात. चारी बाजूंनी वीतभर उंच बांध घातलेला, तळ थोडा खोल असलेला वाफा इथे चांगला.

माती तयार करण्याचं काम मुलांना पहिल्या दिवसापासून द्या. काळी माती ओली असताना खणली तर ढेकळं होतात, ती मग फुटता फुटत नाहीत. सुकली की कुदळ आत शिरत नाही. मधली वेळ म्हणजे वाफसा, आणि तो ओळखणं मुलं पटकन शिकतात. जागा भिजवा, दोन-तीन दिवस थांबा, मग मूठभर माती घेऊन गोळा करायला सांगा आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडायला सांगा. गोळा खाली चपटा झाला तर अजून ओल जास्त आहे. गोळाच झाला नाही तर उशीर झाला. पडून मोकळा फुटला तर खणायला घ्या. आमच्याकडे वाफसा झाला की नाही हे मुलंच ठरवतात आणि मोठ्यांनी ते ऐकायचं असतं. प्रत्येक वाफ्यात दोन घमेली जुनं, कुजलेलं, वास न येणारं शेणखत मिसळा. ताजं शेण नको, त्याने वाळवी आणि हुमणी येते.

आता काय लावायचं. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते असं आपण म्हणतो, आणि वेलवर्गीय बियांसाठी ते अगदी खरं आहे. संक्रांतीच्या सुमारास टोकलेलं कारल्याचं, दोडक्याचं बी थंड मातीत नुसतं पडून राहतं, कधी कुजतं. शिवरात्रीनंतर तेच बी आठवड्या-दहा दिवसांत वर येतं. म्हणजे तुमची वेळ बरोबर आहे.

मी असं करीन: एक वाफा भेंडीचा, एकात गवार आणि कडेने पोकळा, एकावर मांडव करून गिलके (म्हणजे घोसाळी) आणि दोडके, आणि चौथा पूर्णपणे मुलांचा. टोमॅटो आता नको. एप्रिलमध्ये दिवस 35 अंशांच्या वर गेले की त्याचे परागकण कमजोर पडतात, फुलं येतात आणि गळतात. भरिताचं वांगंसुद्धा आता नको. ते पावसाळ्यात लावून हिवाळ्यात खायचं. मेथी आणि कोथिंबीर उन्हात लवकर फुलावर जाते, हवीच असेल तर भिंतीच्या सावलीत थोडी टाका.

केळीच्या बागेला लागून घर असलेलं कोणी हे वाचत असेल, रावेर-यावल-चोपडा किंवा तुमच्याच जिल्ह्यातलं शिरपूर, तर त्यांनी काकडी, भोपळा, दोडका, गिलके यांतलं काही लावू नये. टोमॅटो, मिरची, चवळीही टाळावी. केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक विषाणू या पिकांवरही राहतो आणि मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, तो इकडून तिकडे नेतो. आपल्या हौसेपायी शेजाऱ्याच्या केळीवर रोग जाऊ नये. तिथे भेंडी आणि गवार पुरे.

बियाणं आणताना एक गोष्ट जपा. पाकिटातलं बी लाल, गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. ते मुलांच्या हातात देऊ नका. दुकानदाराकडे प्रक्रिया न केलेलं बी मागा, नाहीतर गावाकडून घरचं आणा. घरचं बी मिळालं तर भेंडी रात्रभर आणि गिलके-दोडके दिवसभर पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधायचं काम मुलांकडे द्या. पाच वर्षांच्या मुलाला बी मोठंच हवं, त्याच्या बोटांत मावणारं. भेंडीचं बी पेराएवढं खोल, दोन रोपांत एक फूट अंतर.

मुलांच्या वाफ्याबद्दल माझं मत ठाम आहे. तो वाफा त्यांच्या नावाचा असू द्या आणि त्यात तुम्ही हात घालू नका. “मदत कर” म्हटलं की मूल दहा मिनिटांत कंटाळतं, कारण ते काम दुसऱ्याचं असतं. “हा वाफा तुझा, यातलं काय लावायचं ते तू ठरव” म्हटलं की तेच मूल दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर मागच्या दारी जातं. ओळ वाकडी आली तर येऊ द्या. फक्त पहिल्या वेळी लवकर येणारं काहीतरी सुचवा. भेंडीला पहिली शेंग यायला 45-50 दिवस लागतात, लहान मुलासाठी तो फार मोठा काळ. पोकळा महिन्याभरात खुडायला येतो, उन्हाळ्यात येणारा पुसा चेतकी मुळा सहा आठवड्यांत. एक-दोन मुळे उपटू नका, त्यांना फुलू द्या. त्याच्या कोवळ्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, मुलं झाडावरूनच तोडून खातात.

पाणी घालताना मुलं जास्तच घालतात, ते साहजिक आहे. काळी माती वरून सुकलेली दिसते आणि दोन इंच खाली ओली असते. बोट खुपसून बघायचं, ओलं लागलं तर आज पाणी नाही, हा नियम पाच वर्षांच्या मुलालाही जमतो. मार्चच्या मध्यापासून वाफ्यावर आच्छादन घाला: वाळलेली केळीची पानं, उसाचं पाचट, भुसा, जे जवळ मिळेल ते. पण आच्छादन हलवायचं काम मोठ्यांचं, कारण त्याखाली विंचू येऊन बसतो. मुलांच्या पायात बूट असलेच पाहिजेत.

मांडवाला कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या वाळक्या काड्या, फुकट मिळतील. त्यावर उरलेली किडकी बोंडं असतील तर ती आधी तोडून जाळा, त्यांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते. उंच खांबांना बांबू घ्या.

वेलाचा मांडव मला सगळ्यांत जास्त आवडतो, आणि मुलांना घेऊन करायच्या बागेत तो असायलाच हवा. वेल दोन-चार पानांचा झाला की पहिलं संकट येतं ते लाल भुंगेऱ्यांचं. ते कोवळी पानं चाळणीसारखी करतात. सकाळी लवकर हे भुंगेरे सुस्त असतात, मुलं साबणाच्या पाण्याच्या वाटीत टपाटप टाकतात. नंतर पानांवर चुलीची राख भुरभुरायची. एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. मावा दिसला तर 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीची पावडर रात्रभर भिजवून, गाळून, थोडासा साबण घालून फवारायचा. फवारणी तुम्ही करा.

एप्रिलमध्ये फुलं येतात. पहिले काही दिवस फुलंच फुलं आणि फळ एकही नाही, तेव्हा मुलं हिरमुसतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की पहिली फुलं नर असतात. दोडका-गिलक्याची नर फुलं एका दांडीवर झुबक्याने येतात. मादी फूल एकटं येतं आणि त्याच्या खाली बोटाएवढं इवलं फळ आधीच दिसतं. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी पाचच्या पुढे. उन्हाळ्यात आपल्याकडे शाळा सकाळची असते, त्यामुळे दोडक्याची वेळ मुलांना बरोबर जमते. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि उरलेला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. परसात मधमाश्या कमी असतील तर एवढ्याने फळ धरण्यात मोठा फरक पडतो. तुमची नऊ वर्षांची मुलगी हे एकटी करू शकेल. तिला त्या फुलाच्या देठाला दोरा बांधायला सांगा आणि फळ रोज मोजू द्या. परागीभवन म्हणजे काय ते तिला शाळेत वेगळं शिकवावं लागणार नाही. पहिल्या गिलक्यांची भजी करा, तीही मुलांनी तोडलेल्या गिलक्यांची.

भेंडी तोडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, तिची लव अंगाला खाजते. एक दिवसाआड तोडली नाही तर शेंग जून होते आणि झाड नवी शेंग धरायला आळस करतं. पारा 42 च्या वर गेला की भेंडीच्या कळ्या गळू लागतात, तो उन्हाचा परिणाम आहे, तुमची चूक नाही. पश्चिमेच्या बाजूला हिरवं शेडनेट बांधलं तर दुपारचा मारा बराच कमी होतो.

आता गावी जाण्याचं. तीन आठवडे कोणी पाणी घालणार नसेल तर भेंडी-गवारीचा मोह सोडा. त्या तोपर्यंत बऱ्यापैकी खाऊन झालेल्या असतील. मांडव मात्र वाचवता येतो. आताच, बी टोकतानाच, वेलांच्या मधे एक माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवा. माठ नवा, बिनरंगाचा आणि पाझरणारा हवा. घरातला जुना, पाणी गार न करणारा माठ इथे निरुपयोगी, कारण त्याची छिद्रं बुजलेली असतात. बी माठापासून वीतभर अंतरावर टोका, मुळं आपोआप त्याच्याकडे जातात. तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. उन्हाच्या भरात माठ दोन-तीन दिवसांनी भरावा लागेल. शेजारच्या एखाद्या मुलाला सांगा, आणि त्या दिवसांत निघतील ती गिलकी-दोडकी त्याच्या घरी जाऊ द्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाणार असाल तर निघायच्या आधी पहिला बहर तुम्हालाही मिळेल.

रिकामे झालेले वाफे निघण्याआधी भरपूर भिजवून त्यांवर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरा आणि चारी कडा मातीत दाबून टाका. काळं प्लास्टिक नको, ऊन आत शिरायला हवं. मे महिन्यातल्या उन्हात चार-सहा आठवड्यांत तणाचं बी आणि मर आणणारी बुरशी बरीच मरते. परत आल्यावर पहिला पाऊस झाला की प्लास्टिक मुलांकडून काढून घ्या. भरिताच्या वांग्याचं बी मात्र आत्ताच मिळवून ठेवा: ओळखीच्या शेतकऱ्याकडून झाडावर पिवळं पडलेलं एक वांगं मागून आणा, गर पाण्यात चोळून तळाला बसलेलं बी घ्या आणि सावलीत वाळवा. बाजारातलं कोवळं वांगं त्याला चालत नाही. जूनमध्ये ते एका कोपऱ्यात ओळीने टाका, महिन्याभराने रोपं त्या वाफ्यांत लावायला येतील.