क्रिएटिनिन १.९ : कोणाकडे जायचं आणि काय तपासायचं

वडील ५८ वर्षांचे, जुना मधुमेह, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.९. नेफ्रॉलॉजिस्ट की युरॉलॉजिस्ट, आणि डायलिसिस लागणार का, असं तुम्ही विचारलंय.

नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीच्या आजारांवर औषधोपचार करणारे डॉक्टर. मुतखडा, प्रोस्टेट, ऑपरेशन हे युरॉलॉजिस्टचं काम. फक्त सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसली किंवा लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरीच शिल्लक राहत असेल, तर अडथळा आधी काढावा लागतो.

नुसत्या १.९ वरून घाबरू नका. वय आणि लिंग धरून ई-जीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढतात. वडिलांचा साधारण ४० येईल. तेच १.९ एखाद्या ६८ वर्षांच्या बाईंचं असेल तर २८. डायलिसिसचा विषय बहुतेकदा ई-जीएफआर १० च्या आसपास आला की निघतो, तोही लक्षणं बघून. आकडा ३ महिने टिकला तरच आजार जुनाट धरतात, म्हणून जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. गेल्या वर्षी क्रिएटिनिन १.८ असेल तर एक गोष्ट, मागच्या महिन्यात १.१ असेल तर सगळंच वेगळं. मग डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही.

बहुतेक घरांत राहून जाते ती लघवीची तपासणी. सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्या. ३० च्या आत चांगलं, ३०० च्या वर म्हणजे किडनीची चाळणी बरीच गळतेय. सोबत डोळ्यांचा पडदा तपासा. पडदा स्वच्छ आणि प्रथिनं मात्र भरपूर जात असतील, तर दोष मधुमेहाचाच आहे का ही शंका येते आणि डॉक्टर बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) सुचवू शकतात.

औषधांत टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची, किडनीलाही जपणारी गोळी येईल. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, पण लोक रिपोर्ट बघून गोळी परस्पर बंद करतात आणि तिथेच नुकसान होतं. १-२ आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, निर्णय डॉक्टरांवर सोडायचा. डॅपाग्लिफ्लोझिन (मधुमेहाची, किडनीलाही जपणारी गोळी) दिलं तर उलट्या-जुलाब किंवा कडक उपासाच्या दिवसांत ते थांबवायचं का, हे आधीच विचारून ठेवा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीचा डोस ई-जीएफआर ४५ च्या खाली तपासून घ्यावा लागतो, ३० च्या खाली ते बंदच.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन बंद, ती किडनीला इजा करू शकतात. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. घटक न छापलेली भस्मं आणि काढे घेत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका; ते रागावतील, पण कारण सापडेल. सीटी स्कॅनला डाय देणार असतील तर किडनीचं आधी सांगा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं-पापडही आले. 'लो सोडियम' मीठ आणू नका: त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, टेल्मिसार्टनसोबत पोटॅशियम धोकादायक चढू शकतं. 'भरपूर पाणी प्या' हा सल्लाही सरसकट नाही. पायांवर सूज असेल तर उलटा पडतो.

रक्त काढताना किंवा सलाईन लावताना शक्यतो पंजाच्या मागच्या बाजूच्या शिरा वापरायला सांगा. ज्या हाताने लिहीत नाहीत त्याच्या मनगटापासून वरच्या शिरा जपा. पुढे कधी फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) करावा लागला तर त्याच उपयोगी पडतात, आणि तो वापरण्याजोगा व्हायला ६-८ आठवडे किंवा जास्तही लागतात.