‘पंचहजारी’तले पाच हजार कोण?

एका वाचकाचा प्रश्न: ‘पंचहजारी म्हणजे पाच हजार स्वारांचा सरदार ना? मग पुरंदरच्या तहानंतर (१६६५) आठ वर्षांच्या संभाजीराजांना ती मनसब कशी मिळाली?’

मोगलांकडे हा आधी दर्जा होता, फौज नंतर. ‘मनसब’ म्हणजे अरबीत स्थान, पद. अकबराने १० पासून १०,००० पर्यंत पायऱ्या बांधल्या आणि तलवारवाले, लेखणीवाले सगळे त्यांवर चढवले. मुदपाकखान्याचा प्रमुखसुद्धा मनसबदारच!

पुढे प्रत्येकाच्या नावापुढे दोन आकडे आले, जात आणि सवार. ही ‘जात’ आपली जातपात नव्हे. तो अरबी ‘ज़ात’, म्हणजे स्वतः, व्यक्ती. ‘साहेबांनी जातीने लक्ष घातलं’ किंवा ‘जातमुचलक्यावर सुटका’ म्हणतो तेव्हा तोच शब्द आपल्या तोंडी असतो. पंचहजारी ठरायचा तो जातीच्या आकड्यावर. त्यावर पगार आणि दरबारातली जागा. आईन-इ-अकबरी या अकबराच्या कारभारावरच्या ग्रंथात वरच्या प्रतीच्या पंचहजारीला महिना ३०,००० रुपये लावलेत. घोडेस्वार किती बाळगायचे, हे सवारचा आकडा सांगे.

तोही शब्दशः धरू नका. शाहजहानच्या काळी जहागीर असलेल्या सुभ्यातच चाकरी असेल तर सवारच्या आकड्याच्या एक तृतीयांश, हिंदुस्थानात इतरत्र असेल तर एक चतुर्थांश स्वार पुरत. म्हणजे ३००० सवारवाल्याने परसुभ्यात ७५० दाखवले की झालं. तेही खरे हवेत म्हणून स्वारांची चेहरेपट्टी लिहून घेत आणि घोड्यांना डाग देत, नाहीतर हजेरीपुरती उसनी तट्टं उभी राहत. (जाता जाता: ‘हजेरी’चा ‘हजार’शी संबंध नाही. ती अरबी ‘हाजिर’वरून आली, हजार फारसी.)

म्हणून आठ वर्षांचा मुलगा पंचहजारी होऊ शकतो. आणि म्हणूनच १२ मे १६६६ ला आग्र्याच्या दरबारात महाराजांना पंचहजारींच्या रांगेत उभं केलं तेव्हा ते भडकले. बापाला लेकाच्या पायरीवर उभं केलं होतं.

स्वराज्यात शब्द हाच, हिशेब मात्र निराळा. बखरकार सभासद सांगतो तो असा: पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी. गुणाकार केलात तर ‘हजारी’खाली १२५० बारगीर भरतात. तिथे मात्र तुमचा अर्थ बराचसा लागू पडतो.