उन्हात डोकं न उठवणारा वास कोणता?

प्रश्न: ताई, मी कोथरूडला राहते, जॉब हिंजवडीत. कॉटनचे कुर्ते, चांदीचे झुमके, एवढाच माझा थाट. बहिणीने गिफ्ट दिलेला व्हॅनिलाचा परफ्यूम लावला की बसमध्ये माझंच डोकं उठतं. मला शोभेल असं काय घेऊ?

उत्तर: अगं, डोकं उठतंय म्हणजे तो वास तुझा नाहीच, कितीही महागाचा असू दे. गोड, जड वास उन्हात अजूनच अंगावर येतात, थंडीत हाच व्हॅनिला कदाचित आवडेल तुला. तुझ्या कॉटन-चांदीला मला तरी वाळ्याचं अत्तरच सुचतं, माठात वाळा टाकल्यावर पाण्याला तो ओलसर, मातकट गारवा येतो ना, अगदी तसा. एकदा रविवार पेठेत चक्कर मार, अत्तर मनगटावर टेकवून घे पण लगेच विकत घेऊ नकोस हं, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत लिंबू-संत्र्यासारखे हलके वास उडून जातात आणि खरा वास अर्ध्या-एक तासाने कळतो, तोवर तुळशीबागेत फिरून ये. एका वेळी दोन-तीनच वास बघ, मग नाक थकतं.

स्प्रेच हवा असेल तर ओ द त्वालेत घे, त्यात सुगंधी तेल साधारण 5 ते 15 टक्के असतं, ओ द पार्फममध्ये जास्त, बसच्या गर्दीत हलकंच बरं. आणि अत्तर थेट कुर्त्यावर लावू नकोस, तेलाचा डाग लवकर निघत नाही.