एअरलाइन आणि एअर गार्ड: नोकरी टिकते, प्रश्न कॅलेंडरचा असतो

ताई, तुमची मुलगी इथे अमेरिकेतच जन्मलेली, न्यू जर्सीत एडिसनला राहते, एका रीजनल एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे आणि आता तिला एअर नॅशनल गार्डमध्ये (नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येणारं राखीव हवाई दल) पायलट व्हायचंय. एअरलाइन तिला काढून टाकेल का, सीनियॉरिटी बुडेल का आणि एका माणसाला हे दोन्ही झेपतं का, हे तुम्ही विचारलंय. तुमचे पुण्याचे भावजी म्हणतात, 'एक तर फौज, नाही तर नोकरी'. भारतापुरतं ते खरं आहे. तिथे हवाई दल सोडायचं आणि मग एअरलाइनला लागायचं, हाच रस्ता. टेरिटोरियल आर्मी आहे, धोनी तिथे मानद लेफ्टनंट कर्नल आहे, पण त्यात विमान उडवायला मिळत नाही. अमेरिकेत मात्र गार्डचे आणि एअर फोर्स रिझर्व्हचे कितीतरी पायलट एरवी एअरलाइनच्या गणवेशात दिसतात. मी स्वतः बरीच वर्षं गार्डचं टँकर (हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणारं विमान) आणि एअरलाइनचं प्रवासी विमान अशी दोन्ही उडवली.

नोकरीची काळजी सोडा. १९९४ चा युसेरा कायदा त्यासाठीच आहे. ती लष्करी सेवेला जाईल तेवढे दिवस ती कंपनी सोडून कधी गेलीच नव्हती असं धरून कंपनीने हिशेब ठेवायचा. एअरलाइनमध्ये सीनियॉरिटी नंबरावर सगळं ठरतं: बेस कुठला, विमान कुठलं, दिवाळीला सुट्टी मिळणार की नाही, कॅप्टन कधी. ती ट्रेनिंगला गेली तरी तो नंबर पुढे सरकत राहतो. परत आल्यावर ४०१-के या निवृत्तीच्या बचत खात्यातला कंपनीचा वाटाही भरून द्यावा लागतो. सुट्टीचे दिवस यात वापरायची सक्ती करता येत नाही. त्या दिवसांचा पगार द्यायचा की नाही यावर मात्र कोर्टात भांडणं चालू आहेत. ज्यूरी ड्यूटीला (कोर्टात पंच म्हणून बसायला) पगार देता, मग लष्करी रजेला का नाही, असा पायलटांचा मुद्दा. युनायटेड एअरलाइन्सविरुद्ध २०२१ मध्ये आणि अलास्का एअरलाइन्सविरुद्ध २०२३ मध्ये अपील कोर्टांनी असे दावे फेटाळू दिले नाहीत.

तिच्या बाजूनेही पथ्यं आहेत. आगाऊ कळवायचं, आणि लेखी कळवलेलं बरं. महिन्याभराच्या आतली सेवा असेल तर घरी पोचून आठ तास विश्रांती झाली की पुढच्या ड्यूटीला हजर. ३१ ते १८० दिवसांची असेल तर १४ दिवसांत आणि त्याहून मोठी असेल तर ९० दिवसांत परत रुजू होण्यासाठी अर्ज. एका कंपनीत असताना अशी एकूण पाच वर्षं मिळतात. महिन्याचं ड्रिल (गार्डचा ठरलेला सराव), वार्षिक ट्रेनिंग आणि सक्तीची बोलावणी त्यात धरत नाहीत, पण हौसेने घेतलेल्या लांबलचक ऑर्डर (लष्करी ड्यूटीचे आदेश) सहसा धरल्या जातात. हौशी लोक इथेच फसतात.

आता झेपण्याचं. घोडं पेंड खातं ते इथे. 'महिन्यात एक वीकएंड, वर्षात दोन आठवडे' ही जाहिरात ऑफिसात बसणाऱ्यांसाठी ठीक आहे. पायलटला रात्रीची लँडिंग, हवेत इंधन देणं, सिम्युलेटर हे सगळं ठरावीक काळात पुन्हा पुन्हा करावंच लागतं, नाहीतर करन्सी, म्हणजे ते विमान उडवण्याची पात्रता, जाते. महिन्याचे सहा-सात दिवस तरी धरा.

समजा तिची चार दिवसांची ट्रिप गुरुवारी सुरू होऊन रविवारी संपते आणि ड्रिल शनिवार-रविवार आहे. अडचण दोनच दिवसांची, पण विमान शुक्रवारी रात्री डेन्व्हरला मुक्कामाला. मधूनच उतरवून तिला घरी कोण आणणार? बहुतेक वेळा अख्खी ट्रिप जाते आणि चार दिवसांचे पैसे बुडतात. शिवाय ऐनवेळी कळवलं तर शेड्यूलिंगवाले वैतागतात, ते वेगळंच. उपाय साधा आहे. युनिटचं ड्रिलचं वेळापत्रक ऑक्टोबरपासूनच्या वर्षाचं आधीच मिळतं. ते हातात पडलं की लगेच कंपनीला द्यायचं आणि दर महिन्याचं बिडिंग (ट्रिपांची पसंती नोंदवणं) बंद होण्याआधी ते दिवस सिस्टिममध्ये चढलेत ना, हे बघायचं. मग लाइनच, म्हणजे महिन्याचं उड्डाणांचं वेळापत्रकच, त्याभोवती बनते. आणि नावडती ट्रिप टाळायला लष्करी रजेचं निमित्त कधीही करू नये. चीफ पायलटला वास येतो, आणि तिच्यामागून येणाऱ्या सगळ्या गार्डवाल्यांना त्याचा त्रास होतो.

थकव्याचं गणित तिचं तिलाच सांभाळावं लागेल. एफएए या विमान वाहतूक नियामकाच्या पार्ट ११७ या नियमांमधली ३६५ दिवसांत १००० तासांची मर्यादा एअरलाइनच्या उड्डाणांना आहे, लष्करी तास त्यात मोजत नाहीत. पण प्रत्येक उड्डाणाआधी 'मी फिट आहे' ही सही तिचीच. रविवारी रात्री टँकर उतरवून सोमवारी पहाटे पाचला न्यूअर्क विमानतळावर रिपोर्ट करणं कागदावर बसलं तरी करू नये.

म्हणून माझ्या मते युनिट निवडताना विमानाआधी अंतर बघावं. एडिसनहून मॅकग्वायर हवाई तळ गाडीने तासाभरावर आहे आणि तिथे टँकर आहेत. अटलांटिक सिटीच्या गार्डकडे एफ-१६ फायटर आहेत, न्यूबर्गच्या स्टुअर्ट तळावर सी-१७ मालवाहू विमानं. तरुण मुलं फायटरच्या मोहाने दुसऱ्या राज्यातलं युनिट धरतात आणि मग ड्रिलला जायलाही विमानात जागा शोधत बसतात. गाडीने जाता येईल असंच युनिट घ्यावं.

काळाचा हिशेबही आधी करा. अधिकारी-प्रशिक्षण, मग वर्षभराचं पायलट ट्रेनिंग, मग त्या विमानाचं वेगळं शिक्षण, असं मिळून दोनेक वर्षं ती घराबाहेर असेल. विंग्ज (लष्करी पायलटचा बिल्ला) मिळाल्यावर दहा वर्षांचं बंधन. त्यात दोन-चार महिने कतारसारख्या ठिकाणी जावं लागू शकतं आणि त्याला नाही म्हणता येत नाही.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला बरोबरी होते. पुढे मोठ्या एअरलाइनमध्ये कॅप्टन झाली की ड्रिलसाठी सोडलेली ट्रिप ड्रिलच्या पगारापेक्षा महाग पडते. तरी लोक टिकतात. ट्रायकेअर हा लष्कराचा आरोग्यविमा स्वस्त असतो, आणि वर्षाला सेवेचे किमान ५० पॉइंट अशी २० वर्षं भरली की साधारण साठाव्या वर्षी पेन्शन सुरू होतं. शिवाय १ ऑक्टोबर २०२० ला कोरोनाकाळातली सरकारी मदत संपून अमेरिकन आणि युनायटेड या एअरलाइन्सनी हजारोंना घरी बसवलं, तेव्हा गार्डमध्ये पूर्णवेळ काम मिळालेल्यांची चूल पेटती राहिली.

शेवटचं, जे रिक्रूटर तुम्हाला सांगणार नाही. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला भारत सरकार ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं कार्ड) देत नाही. मुलीकडे कार्ड असेल तर शपथ घेण्याआधी त्याचं काय होणार, हे न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. सिक्युरिटी क्लिअरन्सच्या (गुप्त माहिती हाताळण्याच्या परवानगीच्या) फॉर्ममध्ये परदेशातले जवळचे नातेवाईक आणि परदेशवाऱ्याही लिहाव्या लागतात. भावजींची जन्मतारीख आत्ताच मागून ठेवा, ऐनवेळी व्हॉट्सअ‍ॅपवर शोधाशोध नको.