परदेशी जाताना सामानातून लोहचुंबक नेणे: एका विज्ञानशिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

ताई, नमस्कार.

आपण मुंबईहून न्यू जर्सीला कायमच्या राहण्यासाठी निघाला आहात आणि शाळेत शिकवण्यासाठी जमवलेले पट्टीचुंबक, नालाकृती चुंबक, काही निओडिमियमच्या (या धातूच्या मिश्रणातून केलेल्या, लहान पण फार जोरदार चुंबकांच्या) चकत्या आणि फ्रीजवर लावायचे शोभेचे चुंबक बरोबर नेता येतील का, असे विचारले आहे. यातले बहुतेक सगळे नेता येईल. चुंबक म्हणून कोणत्याही वस्तूवर सरसकट बंदी नाही. बांधलेल्या पुडक्याच्या बाहेर किती चुंबकीय क्षेत्र उरते, यावर सारे ठरते.

विमानात दिशा दाखवणारी काही उपकरणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर चालतात, आणि आधुनिक विमानांतही वैमानिकासमोर एक साधे होकायंत्र राखीव म्हणून असते. त्यात बिघाड होऊ नये यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत अशी कसोटी आहे की, पुडक्यापासून 2.1 मीटरवर ठेवलेल्या होकायंत्राची सुई 2 अंशांपेक्षा जास्त वळली, तर ते पुडके यूएन 2807 या क्रमांकाखाली (संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत चुंबकित वस्तूंना दिलेला क्रमांक) धोकादायक माल ठरते आणि प्रवाशाच्या सामानात त्याला जागा राहत नाही. अमेरिकेच्या नियमानुसार 15 फुटांवर 0.00525 गॉसपेक्षा (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) जास्त क्षेत्र असलेले पुडके विमानात मुळीच चढवता येत नाही. पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे सुमारे 0.4 गॉस असते, म्हणजे ही मर्यादा त्याच्या पंचाहत्तराव्या भागाइतकी आहे.

आकडा लहान वाटला तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते: 10 सेंटिमीटरवर जे क्षेत्र असते ते 2.1 मीटरवर नऊ हजारांहून अधिक पटींनी कमी झालेले असते. फ्रीजवरच्या चुंबकांचा तर विचारही करू नका. शंका आहे ती निओडिमियमच्या चकत्यांची, आणि तीही त्या सगळ्या एकाच दिशेने रचून मोठी कांडी झाली तरच.

बांधणीची पद्धत आपल्याला प्रयोगशाळेतून ठाऊकच आहे. लाकडी पेटीत पट्टीचुंबकांची जोडी विरुद्ध ध्रुव शेजारी ठेवून, दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे लावून ठेवतात, तसेच येथेही करावे. नालाकृती चुंबकाच्या दोन टोकांवर त्याची लोखंडी पट्टी आडवी लावावी. चकत्यांच्या लहान लहान जोड्या विरुद्ध दिशेने मांडाव्यात आणि मध्ये पुठ्ठा घालावा, कारण हा पदार्थ ठिसूळ असतो आणि दोन चकत्या एकमेकींवर आपटल्या तर कपचे उडतात. मग पुडके बांधून, पलंग, कपाट अशा लोखंडी वस्तूंपासून दूर, होकायंत्राच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस 2.1 मीटरवर ठेवावे आणि सर्व बाजूंनी फिरवून सुई पाहावी. ही चाचणी आपल्यासारख्या शिक्षिकेला मी सांगणे म्हणजे थोडे आगाऊपणाचेच आहे.

नियमाने चुंबक दोन्ही बॅगांत चालतात, पण मी ते केबिन बॅगेत ठेवण्याच्या बाजूचा आहे. क्ष-किरणांच्या पडद्यावर घट्ट धातूचा गोळा काळाकुट्ट दिसतो आणि तपासनीस बॅग उघडायला लावतो. तेव्हा आपण समोर असलो तर दोन वाक्यांत काम भागते. चेक-इन बॅग मात्र आपल्या माघारी उघडली जाते आणि जपून केलेली मांडणी पुन्हा तशीच लावली जाईल याची खात्री नसते. चुंबक पारदर्शक डब्यात, बॅगेच्या वरच्या थरात ठेवावेत. चुंबकाने फोनला चिकटणारी पॉवर बँक असेल, तर ती लिथियम बॅटरीमुळे केबिन बॅगेतच न्यावी लागते. या नियमाचा तिच्यातल्या चुंबकाशी काही संबंध नाही.

याच डब्याजवळ चुंबकीय पट्टी असलेली बँक कार्डे आणि किल्लीची घड्याळे ठेवू नयेत. घड्याळाची केसासारखी स्प्रिंग चुंबकित झाली की ते पुढे धावू लागते. घरात कोणाला पेसमेकर असेल, तर चुंबकांची बॅग त्या व्यक्तीने अंगाशी धरू नये. नातवंडे लहान असतील, तर चकत्या तेथे पोहोचल्यावरही त्यांच्या हाती लागू देऊ नका, कारण दोन चकत्या गिळल्या गेल्या तर आतड्याचा भाग त्यांच्यात चिमटला जातो आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

विहिरीत पडलेली बादली काढायला वापरतात तसा मोठा ओढचुंबक किंवा जुन्या स्पीकरमधून काढलेली जड चुंबककडी यादीत असेल, तर ती येथेच कोणाला देऊन टाका. अशा वस्तू अमेरिकेत सहज मिळतात, आणि 23 किलोंच्या बॅगेत त्यांच्या वजनाइतकी पुस्तके मावतील.