व्हिला घ्या, पण मे महिन्यात, आणि एसआयपीला हात न लावता

ठाण्याच्या एका ताईंचं पत्र आहे. नवरा-बायको दोघं नोकरीत, वय ४६ आणि ४४, मुलगी नववीत. लग्नाला पुढच्या वर्षी वीस वर्षं होतील. त्या निमित्ताने घरचे चौघं, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं मिळून आठ जणांनी इटलीत पुलिया प्रांतात, ओस्तुनीजवळ, चार बेडरूमचा व्हिला सात रात्रींसाठी घ्यायचा बेत आहे. जुलैचं भाडं ४,२०० युरो. त्यांचा प्रश्न असा: दरमहा ४०,००० रुपयांची एसआयपी वर्षभर थांबवू, लेकीच्या शिक्षणाची एफडी मोडू, की पर्सनल लोन काढू?

ताई, व्हिल्याची ओढ मला समजते. आमच्या ग्रुप टूरला सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असायच्या, आणि अर्धं युरोप मी बसच्या काचेतून, तेही डुलक्या घेत पाहिलं. तुम्ही लिहिलंय, "कुठे पळायचं नाही, बाजारातून टोमॅटो आणायचे आणि अंगणात जेवायचं." त्या वाक्यासाठी पैसे खर्च करायला माझी हरकत नाही. ते कुठून येणार, एवढंच बघू.

युरो १०५ रुपये धरते. २०१५ साली तो सत्तरच्या आसपास होता, त्यामुळे पत्रात तुम्ही दिलेला मैत्रिणीचा तेव्हाचा खर्च आज उपयोगाचा नाही. ४,२०० युरो म्हणजे ४.४१ लाख. आठ माणसं, सात रात्री: माणशी रात्रीला सुमारे ७,९०० रुपये. पण तुम्हीच पाठवलेल्या दरपत्रकात मेच्या दुसऱ्या आठवड्याचा दर २,६०० युरो आहे! तोच व्हिला, माणशी ४,९०० च्या आत. युरोपची सुट्टी जुलै-ऑगस्टात, आपली मे महिन्यात. हा फरक आपल्या पथ्यावर पडतो. समुद्र मात्र मेमध्ये गार असतो, आणि स्विमिंग पूल तापवायचे पैसे बहुधा वेगळे पडतात. मुलांना आधीच सांगून ठेवा.

तुमच्या चौघांचा मेमधला खर्च असा दिसतो: व्हिल्याचा अर्धा वाटा १.३७ लाख, विमान तुमच्या अंदाजाने ३ लाख (मुंबईहून ओस्तुनीजवळच्या ब्रिंडिसी विमानतळाला थेट विमान नाही), व्हिसा आणि विमा ५० हजार, गाडी-जेवण-किरकोळ १.७ लाख. एकूण साडेसहा लाखांच्या थोडं वर. व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो आहे आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मी. म्हणजे तुमच्या लेकीला पूर्ण, धाकट्या पुतण्याला अर्धी.

आता पैसे. एसआयपी वर्षभर थांबवली तर ४.८० लाख हाताशी येतील. वरवर बघता तोटा काहीच नाही. पण ११ टक्के परतावा धरला तर चौदा वर्षांनी, तुमचे यजमान साठीला पोचतील तेव्हा, त्याचेच सुमारे २० लाख झालेले असतील. शिवाय थांबवलेली एसआयपी ठरल्या महिन्यात पुन्हा सुरू करणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत. पाच लाखांचं लोन तीन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतलंत तर व्याजच ९८ हजारांच्या घरात जाईल, आणि लेक बारावीला असेल तोवर हप्ते चालू राहतील. एफडीबद्दल तर बोलूच नका.

तुमच्याकडे दिवाळीचा तीन लाख बोनस आहे आणि एसआयपी जाऊन महिना ३० हजार शिल्लक पडते. आजपासून दहा महिन्यांची आरडी लावा. सहा लाख झाले. उरलेले साठेक हजार? पत्राच्या शेवटी तुम्ही नव्या सोफ्याचा उल्लेख केलाय. जुना अजून एक वर्ष चालेल.

खरी जोखीम दुसरीकडे आहे. व्हिल्याचे उरलेले पैसे प्रवासाच्या बरेच आठवडे आधी भरावे लागतात आणि मग परत मिळत नाहीत. व्हिसा मात्र त्यानंतरही हातात पडू शकतो. म्हणून उशिरापर्यंत रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यापासून तयारीत राहा. दीर ऐनवेळी मागे हटले तर पूर्ण भाडं तुमच्या अंगावर येईल, तेव्हा त्यांचा वाटा बुकिंगच्या दिवशीच घ्या. नात्यात हे अवघड वाटतं, नंतर भांडण्याइतकं नाही.

मालकाकडे सीआयएन, म्हणजे घराच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक मागा. इटलीत पर्यटकांना भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराला तो आता सक्तीचा आहे. क्रमांक न देता "थेट बँकेत पैसे पाठवा, सूट देतो" म्हणाला तर पुढे बोलू नका. साफसफाई, माणशी पर्यटन कर आणि अनामत भाड्यात धरलेली आहे का, तेही लेखी घ्या. गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या, आणि ऑटोमॅटिक गाडी लवकर राखून ठेवा. तिथे त्या कमी आणि महाग मिळतात. एजंटाकडून विमान-मुक्काम असं पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस, म्हणजे एजंटाने आधीच वसूल करायचा आयकर, लागेल. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

स्वयंपाकघर आहे म्हणून भांडी विचारून घ्या. आपला कुकर तिथे मिळणार नाही. मेतकूट, पोहे खुशाल न्या. तुपाची बरणी मात्र घरीच ठेवा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.